वाचक विचारतात: किराणा दुकानातला कर्ट वॉर्नर सुपर बोलपर्यंत पोचला कसा?

मागच्या अंकात अमेरिकन फुटबॉलबद्दल लिहिताना मी एक वाक्य सहज लिहून गेलो होतो, की कर्ट वॉर्नर नावाचा क्वार्टरबॅक १९९४ साली किराणा दुकानात रात्रपाळीला माल लावत होता आणि २००० सालच्या जानेवारीत त्याने सेंट लुईस रॅम्स या टीमकडून सुपर बोल, म्हणजे एनएफएल या तिकडच्या व्यावसायिक लीगची फायनल, जिंकला. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आणि मेल आलेत की यावेळी सगळा कॉलम त्यालाच दिलाय. ज्यांचे क्रिकेट आणि बॅडमिंटनचे प्रश्न राहिलेत त्यांनी कृपया एक महिना थांबा.

प्रश्न: सर, क्वार्टरबॅक म्हणजे नक्की काय करतो? आमच्या घरात नातू सोडला तर कुणालाच हा खेळ कळत नाही, आणि तो सांगतो ते मला कळत नाही. (एक आजी, नाशिक)

आजी, थोडक्यात सांगतो. दोन टीम, मैदानावर एकेका बाजूला ११ जण, मैदान १०० यार्डांचं, आणि ज्याच्याकडे बॉल आहे त्या टीमला चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे जायचं असतं, गेले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात, असं करत करत समोरच्याच्या टोकाला पोचले की टचडाऊन. प्रत्येक प्रयत्नाची, त्याला प्ले म्हणतात, सुरुवात क्वार्टरबॅकच्या हातात होते. तो बॉल पळणाऱ्याला देतो नाहीतर लांब धावत गेलेल्या आपल्या माणसाला फेकतो, त्या माणसाला रिसीव्हर म्हणतात. आणि हे सगळं करताना समोरचे शंभर-सव्वाशे किलोचे चार-पाच गडी त्याला आडवं करायला धावत येत असतात. बॉल समोरच्याने झेलला तर ते इंटरसेप्शन, म्हणजे हातातला घास गेला. तर कॅप्टनही तोच आणि प्रत्येक बॉल टाकणारा बोलरही तोच असं समजा, म्हणून मॅच जिंकली तरी नाव त्याचं आणि हरली तरी त्याचंच. नातवाला हे वाचून दाखवा आणि काही चुकलं असेल तर मला कळवायला सांगा.

प्रश्न: दादा, ते किराणा दुकानाचं खरंय का, की नंतर रंगवून सांगितलेली गोष्ट आहे? आणि एवढा चांगला होता तर त्याला कुणी घेतलं का नाही आधी? (कॉलेजचा विद्यार्थी, कोल्हापूर)

खरंय, शंभर टक्के. पण नीट समजायचं तर थोडं मागून सुरू करावं लागेल.

वॉर्नर १९७१ चा, आयोवा राज्यातल्या बर्लिंग्टनचा जन्म आणि सीडर रॅपिड्समध्ये वाढला. आयोवा म्हणजे मक्याची शेती, लांबच लांब सपाट जमीन. कॉलेजला तो युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्दर्न आयोवाला गेला, सीडर फॉल्स गावात. हे कॉलेज फुटबॉलच्या पहिल्या फळीतलं नाही, त्याच्या खालच्या डिव्हिजनमधलं, म्हणजे टीव्हीवर दर शनिवारी दिसणारी जी मोठी नावं असतात त्यातलं हे नाव नव्हे. आणि तिथेही हा पठ्ठ्या वर्षानुवर्षं बाकावरच बसून होता, आपल्याच टीममध्ये क्वार्टरबॅकच्या यादीत तिसरा! शेवटच्या वर्षी, १९९३ ला, पहिल्यांदा टीम त्याच्या हातात आली आणि त्याच एका सीझनमध्ये तो त्यांच्या कॉन्फरन्सचा, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाचा, सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे बघ. एनएफएलच्या टीम दरवर्षी ड्राफ्टमध्ये कॉलेजची पोरं उचलतात, आदल्या वर्षी जी टीम सगळ्यात वाईट खेळली तिचा नंबर पहिला. १९९४ च्या ड्राफ्टला सात फेऱ्या झाल्या, २२२ पोरं उचलली गेली. हीथ शूलर तिसरा गेला, ट्रेंट डिल्फर सहावा, दोघंही क्वार्टरबॅक. वॉर्नरचं नाव २२२ मध्ये कुठंच नाही. लहान कॉलेज, आणि दाखवायला फक्त एक सीझन, निवड करणाऱ्यांच्या जागी मी असतो तर मीही कदाचित त्याला घेतलं नसतं, हे मी मनापासून सांगतो. तेव्हा हाती असलेल्या माहितीवर तो निर्णय वेडेपणाचा नव्हता.

ड्राफ्टनंतर ग्रीन बे पॅकर्सने त्याला ट्रेनिंग कॅम्पला बोलावलं. तिथे आधीपासून कोण होतं तर ब्रेट फार्व, जो पुढच्याच वर्षीपासून लागोपाठ तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला, शिवाय मार्क ब्रुनेल आणि टाय डेटमर. अशा रांगेत हा चौथा. आणि त्या कॅम्पमधला एक किस्सा वॉर्नरने स्वतःच नंतर बऱ्याचदा सांगितलाय, तो मला दुकानापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. क्वार्टरबॅकचे कोच स्टीव्ह मारिउची त्याला म्हणाले जा, मैदानात उतर, काही प्ले खेळ. आणि हा नाही म्हणाला. कारण प्लेबुक, म्हणजे कुठल्या हाकेला कुणी कुठं पळायचं त्याचं जे जाडजूड बाड असतं ते, त्याच्या डोक्यात अजून बसलंच नव्हतं, आणि चुकलो तर सगळ्यांसमोर शोभा होईल ही भीती. सीझन सुरू व्हायच्या आधीच त्याला घरी पाठवलं.

मग सीडर फॉल्सला परत, हाय-व्ही नावाच्या किराणा दुकानात रात्रपाळी, तासाला साडेपाच डॉलर. रॅकवर माल लावायचा, डबे, खोकी, धान्याची पाकिटं. दिवसा आपल्याच जुन्या कॉलेजात कोचच्या हाताखाली मदतनीस म्हणून काम आणि स्वतःचा सराव. राहायला मैत्रीण ब्रेंडाच्या आईवडिलांच्या घराचं तळघर. ब्रेंडा आधी मरीन दलात होती, पहिल्या लग्नातली दोन मुलं पदरात, त्यातल्या मोठ्याला लहानपणी अपघात होऊन मेंदूला इजा झालेली आणि दृष्टी जवळजवळ गेलेली. त्या काळात घर कसं चाललं असेल याचा विचार आपणच करावा. १९९६ मध्ये ब्रेंडाचे आईवडील आर्कान्सॉमध्ये चक्रीवादळात गेले, एकाच वेळी दोघंही. वॉर्नरच्या यशाच्या गोष्टी सांगणारे हे भराभरा उरकतात, मला ते बरं वाटत नाही, कारण ही सगळी वर्षं त्या घराने एकत्र काढली आणि नंतर ब्रेंडाशी त्याचं लग्न झालं ते १९९७ ला.

प्रश्न: किराणा दुकानातून डायरेक्ट सुपर बोल कसं शक्य आहे? मधे काहीतरी असणारच. ते कुणी सांगत का नाही? (वाचक, सांगली)

अगदी बरोबर पकडलंत तुम्ही, आणि हा प्रश्न आला नसता तरी मी कसाही करून हे लिहिलंच असतं.

दुकानाची गोष्ट सांगायला सोपी आहे, ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर चित्र उभं राहतं, म्हणून ती सांगितली जाते. पण दुकानात तो काही महिनेच होता. त्याला घडवलं ते त्याच्या पुढच्या तीन वर्षांनी आणि त्या एका विचित्र खेळाने, ज्याचं नाव अरीना फुटबॉल.

हा खेळ काढला जिम फॉस्टर नावाच्या माणसाने. १९८१ मध्ये न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये इनडोअर सॉकरची मॅच बघताना त्याला वाटलं की फुटबॉलही असा छताखाली का नको, आणि तिथल्या तिथे एका पाकिटावर त्याने मैदानाचा आराखडा काढला. बर्फावरच्या हॉकीचा जेवढा आखाडा असतो तेवढ्यात बसणारा खेळ. १०० यार्डांऐवजी ५० यार्ड, रुंदीही जवळपास निम्मी, ११ ऐवजी ८ जण. कडेला पांढरी रेघ नाही तर गाद्या लावलेली भिंत, म्हणजे रिसीव्हर कॅच घेता घेता थेट भिंतीवर जाऊन आपटतो आणि पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाच्या मांडीवर पडतो की काय असं वाटतं. गोलपोस्टच्या दोन्ही बाजूंना ताणलेल्या जाळ्या, त्यावर बॉल आपटून परत आला तरी खेळ चालूच. आणि आणखी एक नियम, एका रिसीव्हरला प्ले सुरू व्हायच्या आधीच पुढच्या दिशेने पळत सुटायची मुभा, त्यामुळे खेळ सुरू होतो त्या क्षणी तो गडी फुल स्पीडमध्ये असतो.

आता क्वार्टरबॅकच्या जागी उभं राहून बघा. मैदान लहान, म्हणजे अंगावर येणारे जवळ. आपला माणूस सुसाट सुटलेला, म्हणजे तो क्षणभरच मोकळा दिसणार. बॉल हातात आला की बघायचं, ठरवायचं, फेकायचं, हे सगळं एक-दोन सेकंदात. मोठ्या मैदानासारखं मागे मागे सरकत, इकडे तिकडे बघत कोण मोकळा होतोय याची वाट बघायची सोयच नाही. आणि खिडकी एवढीशी की बॉल हातभर इकडे पडला तर भिंत, हातभर तिकडे पडला तर समोरच्याच्या हातात.

या फॉस्टरचीच आयोवात टीम होती, डी मॉइन शहरात, आयोवा बार्नस्टॉर्मर्स. वॉर्नर १९९५ ला तिथे लागला आणि तीन सीझन खेळला. तीन वर्षांत पासवर कमावलेले १० हजारांवर यार्ड आणि १८३ टचडाऊन पास! टीमला १९९६ आणि १९९७ अशी दोन्ही वर्षं फायनलला नेलं, एकदा टँपा बे स्टॉर्मकडून हरले, एकदा अ‍ॅरिझोना रॅटलर्सकडून, आणि दोन्ही वर्षी लीगच्या सर्वोत्तम संघात त्याचं नाव. तरी एनएफएलवाले या आकड्यांकडे बघेनात, कारण त्यांचं म्हणणं असायचं की छोट्या मैदानावरचे हे फुगलेले आकडे, यावरून मोठ्या मैदानाचं काय कळणार. आकडे फुगलेले होतेच, त्यात खोटं काही नाही, अरीनामध्ये सगळेच धो धो स्कोअर करतात. पण त्या आकड्यांमागे हात आणि नजर किती वेगवान झालीय हे कुणी बघितलं नाही, आणि माझ्या मते खरी चूक झाली ती इथे, १९९४ ला नव्हे.

प्रश्न: कोळी चावल्यामुळे त्याची निवड हुकली असं मी वाचलं. हे काय आहे? (वाचक, डोंबिवली)

हेही खरं. १९९७ ला शिकागो बेअर्सने त्याला ट्रायलला बोलावलं होतं. त्याच सुमाराला लग्न झालं, हनिमूनला जमैकाला गेले, आणि तिथे कोळी चावला तो नेमका बॉल फेकायच्या हाताच्या कोपराला. कोपर सुजलं, हात उचलेना, ट्रायल गेली. बेअर्सने नंतर बोलावलंच नाही.

प्रश्न: मग रॅम्समध्ये तो शिरला कसा? (वरचेच वाचक)

व्हाया अ‍ॅमस्टरडॅम! त्या काळी एनएफएलची युरोपात एक वसंत ऋतूतली लीग चालायची, त्यात अ‍ॅमस्टरडॅम अ‍ॅडमिरल्स नावाची टीम. तिचे कोच अल लुगिनबिल वॉर्नरच्या मागे लागले होते, पण वॉर्नरची अट होती की एखाद्या एनएफएल टीमने आधी करार केला तरच येतो, उगाच घरदार सोडून परदेशी कशाला यायचं, आणि घरची परिस्थिती बघता अट रास्तच होती. लुगिनबिलनी फोन लावायला सुरुवात केली, एकामागून एक नकार आले, शेवटी सेंट लुईस रॅम्स ट्रायल घ्यायला तयार झाले आणि करार झाला. १९९८ च्या वसंतात तो अ‍ॅमस्टरडॅमला खेळला, यार्ड आणि टचडाऊन दोन्हीत लीगमध्ये पहिला. त्याचा बॅकअप होता जेक डेलोम, जो पुढे स्वतः एनएफएलमध्ये नाव काढून सुपर बोलपर्यंत गेला, म्हणजे बघा त्या छोट्या लीगमध्ये काय माल होता.

रॅम्समध्ये मात्र परत तीच गत. टोनी बँक्स पहिला, स्टीव्ह बोनो दुसरा, हा तिसरा. अख्ख्या १९९८ सीझनमध्ये एका मॅचमध्ये उतरला, ११ पास फेकले, ४ पोचले, ३९ यार्ड. रॅम्स त्या वर्षी १६ पैकी ४ मॅच जिंकले.

आणि इथे एक गोष्ट घडली जी लोकांना फारशी माहीत नसते. १९९९ ला क्लीव्हलँड ब्राउन्स टीम पुन्हा नव्याने उभी राहत होती, तिला खेळाडू मिळावेत म्हणून बाकीच्या टीमनी आपापले पाच-पाच खेळाडू उघड्यावर ठेवायचे, यातले हवे ते उचला म्हणून. रॅम्सने त्यात वॉर्नरचं नाव घातलं. म्हणजे गेला तरी चालेल. आणि ब्राउन्सने बघितलं, आणि घेतलं नाही! ज्या दोन टीमना त्याला जवळून बघायची संधी होती त्यांना दोघांनाही तो नको होता, आणि हे त्याचं लीगमधलं सगळ्यात मोठं वर्ष सुरू व्हायच्या सहा-सात महिने आधीचं. तोपर्यंत त्याला २८ वं लागायला आलेलं, बहुतेक क्वार्टरबॅकचं एव्हाना एकतर बस्तान बसलेलं असतं नाहीतर ते दुसऱ्या नोकरीला लागलेले असतात.

प्रश्न: ज्याच्या दुखापतीमुळे वॉर्नरला चान्स मिळाला त्याचं पुढे काय झालं? त्याच्याबद्दल कुणीच लिहीत नाही, वाईट वाटतं. (शिक्षिका, लातूर)

बाई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्याचं नाव ट्रेंट ग्रीन, आणि तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, त्याच्यावर लिहायलाच हवं.

गंमत म्हणजे ग्रीनचा जन्म सीडर रॅपिड्सचा, जिथे वॉर्नर वाढला तेच गाव, आणि शाळा सेंट लुईसची. म्हणजे १९९९ ला रॅम्सने त्याला मोठा करार देऊन आणलं तेव्हा तो आपल्या घरच्या शहरात, घरच्या टीमचा मुख्य क्वार्टरबॅक म्हणून आला होता. सरावाच्या मॅचेसमध्ये तर असा खेळत होता की शहर खूश. २८ ऑगस्टला सॅन डिएगो चार्जर्सविरुद्धच्या मॅचमध्ये, जिचा निकाल कुठल्याच हिशोबात धरला जात नाही अशा मॅचमध्ये, रॉडनी हॅरिसन खालून त्याच्या गुडघ्यावर आला आणि गुडघ्याचा लिगामेंट फाटला. सीझन संपला, सुरू व्हायच्या आधीच.

कोच डिक व्हर्मील तेव्हा ६२ वर्षांचे, १४ वर्षं कोचिंगपासून लांब राहून १९९७ ला परत आलेले, पहिली दोन्ही वर्षं वाईट गेलेली, नोकरी टांगणीला. पत्रकारांसमोर बसले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि त्याच बैठकीत ते म्हणाले की आम्ही कर्ट वॉर्नरभोवती उभे राहू आणि चांगला फुटबॉल खेळू. सगळ्यांना वाटलं की कोच बिचारे दुसरं काय बोलणार.

ग्रीनने तो सगळा सीझन बाहेर बसून बघितला. २००० मध्ये वॉर्नरच्या हाताचं हाड मोडलं तेव्हा ग्रीनने पाच मॅचेस टीम सांभाळली आणि छान सांभाळली. २००१ ला तो कॅन्सस सिटी चीफ्सला गेला, आणि तिथे कोच कोण तर तेच व्हर्मील! तिथे तो कितीतरी वर्षं मुख्य क्वार्टरबॅक राहिला, दोनदा प्रो बोलला निवडला गेला, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंमध्ये. सुपर बोल जिंकणाऱ्या टीमला देतात ती अंगठी मात्र त्याला मैदानावर खेळून मिळाली नाही. तुमच्या वर्गात ही गोष्ट सांगाल तर दोघांचीही सांगा अशी माझी विनंती.

प्रश्न: तुम्ही तेव्हा सेंट लुईसला होतात असं मागे लिहिलं होतं. ते दिवस कसे होते? (वाचक, ठाणे)

हो, होतो. वाय-टू-केचं काम होतं, २००० साल उजाडलं की जुने कॉम्प्युटर तारखेला अडखळतील म्हणून अख्खी अमेरिका प्रोग्राम दुरुस्त करत होती आणि आमच्यासारखी पुण्या-मुंबईची पोरं तिकडे जाऊन पडली होती. एका अपार्टमेंटमध्ये आम्ही चौघं, रविवारी कुकर लावायचा आणि टीव्ही, बाकी काय करणार, गाडी एकातच होती. फुटबॉल कळत नव्हता. शेजारच्या टेबलावरचे एक वयस्कर सहकारी जन्मापासून सेंट लुईसचे, त्यांनी मला सोमवारी सोमवारी जेवणाच्या सुट्टीत कागदावर काढून हा खेळ शिकवला, आणि ऑगस्टच्या शेवटी ग्रीन जखमी झाला त्या सोमवारी त्यांनी कागद काढलाच नाही.

मग १२ सप्टेंबर, पहिली मॅच, बॉल्टिमोर रेव्हन्सविरुद्ध. २७-१० जिंकले, वॉर्नरचे तीन टचडाऊन पास. दुसऱ्या मॅचला परत तीन. तिसऱ्याला परत तीन. मुख्य क्वार्टरबॅक म्हणून सुरुवात केलेल्या पहिल्या तिन्ही मॅचला तीन-तीन, असं आधी कुणीही केलं नव्हतं. तरी आमचे सहकारी म्हणायचे थांब, ४९र्सची मॅच होऊ दे. कारण सॅन फ्रान्सिस्को ४९र्सकडून रॅम्स लागोपाठ १७ मॅच हरलेले होते, १७! १० ऑक्टोबरला ती मॅच झाली, वॉर्नरने पाच टचडाऊन फेकले, ४२-२०. त्या सोमवारी ते ऑफिसात आले आणि काही न बोलता माझ्या टेबलावर डोनटचा बॉक्स ठेवला. त्याच आठवड्यात स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडच्या कव्हरवर वॉर्नर, आणि मथळा काय तर हा आहे तरी कोण.

आता इथे परत त्या छोट्या मैदानाकडे येतो, कारण टीव्हीवर बघताना मला जे दिसायचं ते नंतर कळलं की तिकडूनच आलंय. रॅम्सचं आक्रमण आखणारे माइक मार्ट्झ, त्यांची पद्धत अशी की रिसीव्हर वळायच्या आधीच बॉल हातातून सुटला पाहिजे, तो वळेल तेव्हा बॉल तिथे आलेला असेल. याला विश्वास लागतो आणि वेळेचा हिशोब लागतो. रिसीव्हर होते आयझॅक ब्रूस आणि टॉरी होल्ट, सोबतीला अझ-झाहिर हकीम आणि रिकी प्रोल, पळायला मार्शल फॉक, क्वार्टरबॅकला वाचवायला ओरलँडो पेस. सगळे सुसाट. आणि यांना बॉल द्यायला असा माणूस जो तीन वर्षं भिंतींच्या आत एका सेकंदात निर्णय घ्यायला शिकून आला होता. त्याच्यासाठी हे मोठं मैदान म्हणजे मोकळं माळरान वाटलं असेल! अंगावर येणारा गडी अगदी छातीला भिडेपर्यंत तो उभा राहायचा आणि बॉल सोडून मग मार खायचा, आम्ही सोफ्यावर बसून अंग चोरायचो.

सीझन संपला तेव्हा ४,३५३ यार्ड, ४१ टचडाऊन, रॅम्स १६ पैकी १३ जिंकलेले, आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू वॉर्नर. बाद फेरीत मिनेसोटा व्हायकिंग्जला ४९-३७ ने मारलं. टँपा बे बकनीअर्सची मॅच मात्र सगळी अडली, त्यांचा डिफेन्स भिंतीसारखा, शेवटी शेवटी वॉर्नरने रिकी प्रोलला ३० यार्डांचा पास दिला आणि ११-६. त्या मॅचला आमचा भात करपला हे मला अजून आठवतं.

मग ३० जानेवारी २०००, अटलांटा, टेनेसी टायटन्स. रॅम्स १६-० पुढे, मग टायटन्स एक एक करत १६-१६ वर आले, दोन मिनिटं आणि थोडे सेकंद उरलेले. पुढच्याच प्लेला वॉर्नरने बॉल सोडला आणि त्याच क्षणी जेव्हॉन कर्स त्याच्यावर आदळला, त्यामुळे बॉल थोडा आखूड पडला, आणि ब्रूसने तो बघून पाऊल मागे घेतलं, झेलला आणि पळत थेट टोकापर्यंत गेला, एकूण ७३ यार्डांचा टचडाऊन. २३-१६. वॉर्नरला ते दिसलंच नाही, तो जमिनीवर होता. टायटन्सनी तरी सोडलं नाही, शेवटच्या प्लेला केविन डायसनला माइक जोन्सने एक यार्ड बाकी असताना पायाला धरून पाडलं, डायसन हात लांबवतोय, बॉल रेघेला लागत नाहीये, आणि घड्याळ शून्य. वॉर्नरचे ४१४ यार्ड, तेव्हाचा सुपर बोलचा विक्रम, आणि त्या मॅचचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. पहाटेपर्यंत रस्त्यावर हॉर्न वाजत होते.

प्रश्न: आम्ही डॅलसजवळ राहतो. माझा मुलगा १५ वर्षांचा आहे, हायस्कूलच्या टीममध्ये तिसरा क्वार्टरबॅक आहे, मॅचला उतरवत नाहीत. त्याचे बाबा म्हणतात सोडून दे, अभ्यास कर. तो वॉर्नरचं उदाहरण देतो. मी काय सांगू? (एक आई)

ताई, आधी कडू सांगतो. वॉर्नर एकच झाला. ड्राफ्टमध्ये कुणी न निवडलेला क्वार्टरबॅक लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला असं एनएफएलमध्ये फक्त त्याच्या बाबतीत घडलंय. आज ३२ टीम आहेत, म्हणजे मुख्य क्वार्टरबॅकच्या ३२ जागा अख्ख्या देशात, आणि टेक्साससारख्या ठिकाणी तर गल्लोगल्ली पोरं त्यासाठी घाम गाळतायत. तेव्हा वॉर्नरचं नाव सांगून अभ्यास बाजूला ठेवायचा असेल तर बाबांचं म्हणणं बरोबर आहे. डोक्याला लागण्याचा धोकाही या खेळात खरा आहे, तो सरावातही असतो, तर शाळेच्या ट्रेनरकडून आणि तुमच्या डॉक्टरांकडून नियम समजून घ्या, डोक्याला मार बसला की कितीही मोठी मॅच असो, बाहेर यायचं, यात तडजोड नको.

पण तिसरा आहे म्हणून सोडून दे, हे मला पटत नाही. त्याला आवडत असेल, मार्क ठीक असतील, तर खेळू द्या की. फक्त त्याला वॉर्नरची बरोबर गोष्ट सांगा. दुकानाची नाही, ग्रीन बेची. कोचने जा म्हटलं आणि प्लेबुक येत नव्हतं म्हणून हा नाही म्हणाला, ती. आणि मग पाच वर्षांनी, रॅम्समध्ये तिसऱ्याचा दुसरा झालेला असताना एका शनिवारी रात्री पहिला माणूस पडला, तेव्हा त्याच माणसाला मार्ट्झची सगळी अवघड पद्धत पाठ होती आणि १५ दिवसांनी तो तीन टचडाऊन फेकून आला. तिसऱ्या नंबरच्या पोराला मॅच मिळत नाही, पण प्लेबुक तर पहिल्यालाही तेच आणि तिसऱ्यालाही तेच असतं ना. त्याला रात्री जेवताना विचारा, आज कुठला प्ले शिकलास, मला मीठ-मिरपूडच्या डब्या मांडून दाखव. तुम्हालाही खेळ कळेल. आणि तो कधी उतरला, दोन प्लेसाठी का होईना, तर मला नक्की कळवा, मी वाट बघतोय.

प्रश्न: वॉर्नरचा नंबर कुठला आणि आता तो काय करतो? (शाळकरी वाचक, सोलापूर)

नंबर १३. २००१ ला पुन्हा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, त्या सीझनची सुपर बोल मात्र टॉम ब्रेडीच्या पेट्रियट्सकडून २०-१७ हरला. मग न्यूयॉर्क जायंट्स, मग अ‍ॅरिझोना कार्डिनल्स, त्यांनाही सुपर बोलला नेलं, आणि २०१० च्या जानेवारीत निवृत्त. २०१७ ला ओहायोतल्या कँटनला फुटबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं. आता टीव्हीवर मॅचचं विश्लेषण करतो. त्याचा खेळ बघायचा असेल तर १९९९ च्या ४९र्सच्या मॅचपासून सुरुवात कर, आणि बॉल हातात आल्यापासून सुटेपर्यंत मनात आकडे मोज, दोनच्या पुढे क्वचितच जाशील.